बाटलीवर लिहिलंय, ‘माणसांसाठी नाही’: कोल्हापूरच्या वस्तादांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातल्या तालमींचे सर्व वस्ताद,
तसेच तालीम मंडळांचे अध्यक्ष आणि कारभारी यांस,

सविनय नमस्कार, वि. वि.

माझं पेठेत औषधांचं दुकान आहे. सत्तावीस वर्षं झाली. त्याआधी सहा वर्षं मी लाल मातीत होतो. मोठा पैलवान काही झालो नाही, पण माझा डावा कान बघितला की जुनी माणसं अजून विचारतात, “कुठल्या तालमीचा?” हे सांगायचं कारण एवढंच, की पुढं जे लिहितोय ते बाहेर उभं राहून बोट दाखवणाऱ्याचं नाही. तुमच्यापैकी काहींच्या हौदात माझ्या पाठीला माती लागलेली आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ, शटर अर्धं खाली ओढलेलं. एक पोरगा वाकून आत आला. दोन्ही कान मोडलेले, मान खांद्यात बसलेली, अंगात तालमीचा टी-शर्ट. दुकानाला दोनच पायऱ्या आहेत, पण त्या चढताना त्यानं आधी डावा पाय टाकला आणि उजवा मागनं ओढून घेतला.

“काका, इन्शुलिनच्या सिरिंजा हायत का? धा द्या.”

“कुणाला हाय शुगर?”

“आज्जीला.”

“आज्जी चाळीसचं घेती का शंभरचं?”

पोरगा गप्प. आपल्याकडं इन्शुलिन दोन ताकदींचं मिळतं: एका मिलिलिटरला ४० युनिट, नाहीतर १०० युनिट. सिरिंजाही दोन तऱ्हेच्या. लाल टोपीची ४० साठी, केशरी टोपीची १०० साठी. ज्याच्या घरात आजीला रोज सुई टोचतात, त्या पोराला टोपीचा रंग झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. याला येईना. मग मी शटर पूर्ण खाली घेतलं, त्याला स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, “आता खरं सांग.”

त्यानं खिशातनं रुमाल काढला. रुमालात अंगठ्याएवढी काचेची बाटली, वर निळं झाकण, तळाशी पांढऱ्या पावडरीचा पातळ थर. लेबल इंग्रजीत. त्यावर नाव होतं ‘बीपीसी-१५७, ५ मिलिग्रॅम’ आणि त्याखाली बारीक अक्षरांत जे छापलं होतं त्याचा अर्थ: फक्त प्रयोगशाळेतल्या संशोधनासाठी, माणसांच्या वापरासाठी नाही. कंपनीचा परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही, मुदत कधी संपते तेही नाही. माझ्या दुकानात असली बाटली सापडली तर औषध निरीक्षक मला उभं करतील. पोरानं ती साडेचार हजाराला घेतली होती, जिममधल्या एका ओळखीच्याकडनं. दोन महिन्यांच्या बदामाचे पैसे.

“स्टेरॉइड न्हाई काका,” तो म्हणाला. “पेप्टाइड हाय. गुडघा महिन्यात भरून येतोय म्हणं.”

वस्ताद, हे ‘म्हणं’ कुठनं आलं ते शोधायला मी पुढच्या चार रात्री बसलो. मी फार्मसी शिकलेला माणूस आहे; शोधनिबंध वाचायची सवय सुटली होती, ती परत लावून घेतली. त्यातनं जे कळलं ते तुम्हाला सांगायला हे पत्र. कारण त्या पोरासारखी आणखी तीन पोरं त्यानंतर माझ्याकडं येऊन गेली, आणि मी एकट्यानं सिरिंज नाकारून काही होत नाही. पुढच्या चौकात दुसरं दुकान आहेच.

आधी पेप्टाइड या शब्दाचं भूत उतरवतो. आपण अंडी, दूध, डाळ खातो त्यातलं प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. त्याच माळेचा छोटा तुकडा म्हणजे पेप्टाइड. इन्शुलिनही त्याच जातीचं, ५१ मण्यांचं. बाळंतपणात देतात ते ऑक्सिटोसिन अवघ्या ९ मण्यांचं. ठिसूळ हाडांसाठी टेरिपॅराटाइड नावाचं इंजेक्शन आहे, ३४ मण्यांचं. अमेरिकेत त्याला २००२ मध्ये मान्यता मिळाली. म्हणजे पेप्टाइड म्हणून काही वाईट नाही आणि पेप्टाइड म्हणून काही निरुपद्रवीही नाही. इन्शुलिनचा डोस चुकला तर माणूस दगावतो. ‘स्टेरॉइड नाही’ एवढ्यानं कुठलीच बाटली सुरक्षित ठरत नाही. प्रश्न असतो तो त्या विशिष्ट माळेवर माणसांत काय काम झालंय, याचा.

बीपीसी-१५७ ही १५ मण्यांची माळ. जठररसातल्या एका प्रोटीनचा हा तुकडा, असं तिचा अभ्यास करणारे सांगतात. क्रोएशियातल्या झाग्रेब शहरातला संशोधकांचा एक गट १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिच्या मागं आहे. सुरुवात पोटातल्या अल्सरपासून झाली, मग हे लोक स्नायू आणि सांध्यांकडं वळले. त्यांनी काय केलं? पांढऱ्या मोठ्या उंदरांची टाचेवरची जाड दोरी, म्हणजे अकिलीस टेंडन, शस्त्रक्रिया करून कापली. काही उंदरांना बीपीसी दिलं, काहींना नुसतं मिठाचं पाणी. ज्यांना बीपीसी मिळालं त्यांची दोरी लवकर आणि जास्त मजबूत जुळली. गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या दोरीवर, आणि मांडीच्या कापलेल्या स्नायूवरही असंच दिसलं. तैवानमधल्या संशोधकांनी उंदरांच्या टेंडनमधल्या पेशी काचपात्रात वाढवून बघितलं, तिथंही पेशींची हालचाल वाढलेली दिसली. नव्या रक्तवाहिन्या फुटायला हे पेप्टाइड मदत करतं, असा एक अंदाज आहे.

हे सगळं मी खोटं म्हणत नाही. वाचताना मलाही वाटलं, अरे, यात काहीतरी असेल. माझा खांदा उतरला होता तेव्हा हे असतं तर मीही टोचून घेतलं असतं, हे कबूल करतो.

पण मग मी माणसं शोधायला लागलो. उंदीर ढीगभर, माणसं सापडेनात. गुडघेदुखीचे सोळा रुग्ण, ज्यांना एका दवाखान्यात इंजेक्शन दिलं होतं, त्यांना नंतर विचारून केलेला एक छोटा अभ्यास. तुलनेला दुसरा गट नाही. मूत्राशयाच्या दुखण्यावर डझनभर लोकांचं एक छोटं काम. दोघा जणांना शिरेतून देऊन बघितलेली एक प्राथमिक पाहणी. होय, दोघे, एक आणि एक. २०१५ मध्ये निरोगी स्वयंसेवकांवर एक चाचणी रीतसर नोंदवली गेली होती, तिचे निकाल छापूनच आले नाहीत. तीस वर्षांचं संशोधन आणि माणसांचा हिशेब एका तालमीच्या हौदात मावेल एवढा. पैलवानाच्या फाटलेल्या लिगामेंटवर किंवा झिजलेल्या टेंडनवर, निम्म्यांना खरं औषध आणि निम्म्यांना नुसतं पाणी देऊन, कुणाला काय मिळालं हे झाकून ठेवून केलेली चाचणी? मला एकही सापडली नाही.

तुम्ही म्हणाल, उंदरात चाललं तर माणसात का नाही चालायचं? वस्ताद, उंदराचं आयुष्यच दोन-तीन वर्षांचं. त्याची दोरी कोवळी, आणि ती धारदार सुरीनं एका जागी स्वच्छ कापलेली. तुमच्या पोराचा गुडघा तसा कापलेला नसतो. बाराव्या वर्षापासून रोज पहाटे हजार-हजार बैठका मारून, त्यात संध्याकाळी मॅटवर खाली बसून शिरायचा सराव करून, ती दोरी आतल्या आत विसविशीत झालेली असते. जुनं सुंभ झिजणं आणि नवं सुंभ कापणं यात फरक आहे.

आणि दुसरं म्हणजे पाण्याचा चमत्कार. याचं उदाहरण सांगतो, ते मला सगळ्यात जास्त पटलं. मधल्या काळात पीआरपीची लाट आली होती, अजून आहे. आपलंच रक्त काढायचं, त्यातल्या प्लेटलेट वेगळ्या करून दुखऱ्या जागी टोचायच्या. प्रयोगशाळेत झकास चालायचं. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी टाचेच्या जुनाट दुखण्याचे ५४ रुग्ण घेतले, निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना मिठाचं पाणी, आणि दोन्ही गटांना सारखाच व्यायाम. निकाल २०१० मध्ये आला. २४ आठवड्यांनी दोन्ही गटांना बरं वाटत होतं, आणि दोघांत फरक नव्हता. मिठाच्या पाण्यानंही तेवढंच बरं वाटलं! तो दुसरा गट नसता तर ‘पीआरपीनं सगळे बरे झाले’ असं छापून आलं असतं. बीपीसीबद्दल जिममध्ये जे ऐकू येतं ते नेमकं दुसरा गट नसलेलं बोलणं आहे. लचक तीन-चार आठवड्यांत आपसूक उतरते, पोरगा दुखतंय म्हणून त्या महिन्यात जोरही कमी मारतो, आणि श्रेय जातं बाटलीला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला.

दुसऱ्या एका बाटलीचं नाव टीबी-५००. टीबी म्हटल्यावर आपल्याला वेगळाच दवाखाना आठवतो, पण त्याचा याच्याशी संबंध नाही. आपल्या शरीरात थायमोसिन बीटा-४ नावाचं ४३ मण्यांचं पेप्टाइड असतं, पेशींच्या हालचालीत त्याचं काम असतं. त्यातला सात मण्यांचा तुकडा शर्यतीच्या घोड्यांना टोचायला टीबी-५०० नावानं विकला जायचा. मूळ अख्ख्या पेप्टाइडवर माणसांत चाचण्या झाल्यात, पण त्या अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमांवर, पायावरच्या जुनाट व्रणांवर, कोरड्या डोळ्यांवर. कुस्तीगिराच्या गुडघ्यावर नाहीत.

याच थायमोसिन बीटा-४ ची एक गोष्ट तुमच्या फुटबॉलवाल्या मंडळांनाही सांगा, कारण ती पेठेच्या संघांसारख्याच जिवाला जीव देणाऱ्या एका क्लबची आहे. ऑस्ट्रेलियात मेलबर्नचा एसेंडन क्लब. तिथला फुटबॉल वेगळा, लंबगोल चेंडूचा, पण वेड आपल्यासारखंच. २०१२ च्या हंगामात क्लबनं खेळाडूंसाठी इंजेक्शनांचा कार्यक्रम चालवला. पोरांनी संमतीपत्रांवर सह्या केल्या. क्लबनं सांगितलं, सगळं नियमात आहे. पोरांनी विश्वास ठेवला. प्रकरण जवळजवळ तीन वर्षं चाललं आणि जानेवारी २०१६ मध्ये क्रीडा लवादानं ३४ आजी-माजी खेळाडूंवर बंदी घातली. ‘आम्हाला वडीलधाऱ्यांनी दिलं’ ही सबब लवादानं ऐकून घेतली नाही. उत्तेजकांच्या नियमात अंगात काय गेलं याचा जाब खेळाडूलाच विचारतात. वस्ताद, आपल्याकडं पोरगं वस्तादाच्या शब्दाबाहेर जात नाही. म्हणून ही गोष्ट मला तिथल्यापेक्षा इथं जास्त लागू वाटते.

टीबी-५०० आधीपासूनच जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, वाडाच्या, बंदीच्या यादीत आहे. बीपीसी-१५७ चं नाव २०२२ पासून त्या यादीत आलं, ‘कुठल्याही देशानं औषध म्हणून मान्यता न दिलेले पदार्थ’ या सदरात. सदराचं नावच पुरेसं बोलकं आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानंही २०२३ मध्ये, मागणीनुसार औषधं बनवून देणाऱ्या दुकानांसाठी, बीपीसीला धोक्याच्या गटात टाकलं. कारणं दोन: असल्या माळेविरुद्ध शरीर स्वतःच प्रतिकार उभा करू शकतं, आणि बनवताना राहिलेली अशुद्धता ओळखणं अवघड असतं.

पोरं यावर काय म्हणतात तेही मला माहीत आहे. “जत्रंत कोण मूत तपासतंय काका?” खरं आहे, गावच्या मैदानात कुणी तपासत नाही. पण मैदान मारणाऱ्या पोराचं स्वप्न जत्रेवर थांबत नाही. राष्ट्रीय स्पर्धा, खेलो इंडिया, सैन्यदल, रेल्वे. तिथं नाडाची, म्हणजे आपल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेची, माणसं लघवीच्या नमुन्याची बाटली घेऊन उभी असतात. २०२३ मध्ये भारतात ५,६०६ नमुने तपासले, २१३ दोषी निघाले. मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत हे प्रमाण सगळ्यात वरचं होतं. सापडला तर चार वर्षांपर्यंत बंदी. पैलवानाच्या आयुष्यात चार वर्षं म्हणजे किती, ते मी तुम्हाला काय सांगायचं. खाशाबा जाधवांनी १९४८ ला लंडन गाठलं आणि चार वर्षांनी हेलसिंकीला पदक आणलं. एवढंच अंतर.

कर्करोगाबद्दल एक वाक्य, कारण त्या पोरानं विचारलं होतं. नव्या रक्तवाहिन्या फुटणं जखमेला हवं असतं. गाठीलाही वाढायला तेच हवं असतं. बीपीसीमुळं माणसाला कर्करोग झाला असं कुणी दाखवलेलं नाही. होत नाही, असं म्हणायला लागणारी वर्षानुवर्षांची पाहणीही कुणी केलेली नाही.

आता पुन्हा त्या स्टुलावर येऊ. मी पोराला विचारलं, “किती घेणार होतास?” त्यानं मोबाइल दाखवला. कुणा परदेशी माणसाचा व्हिडिओ. पावडरीत पाणी घाला आणि सिरिंजवर दहाच्या रेघेपर्यंत ओढा. त्या माणसाच्या हातात केशरी टोपीची सिरिंज, शंभराची. दहा रेघा म्हणजे ०.१ मिलिलिटर. आपल्या पोरानं मागितली असती ती बहुतेक लाल टोपीची, चाळिसाची, कारण तीच इथं जास्त खपते. तिच्यावर दहा रेघा म्हणजे ०.२५ मिलिलिटर. पहिल्याच सुईला अडीचपट. आणि पाणी कसलं? “सलाईनची छोटी बाटली आणलीय, फ्रीजमध्ये ठिवलीय.” तालमीतला फ्रीज, त्यात दूध, दही, अंडी आणि झाकण उघडलेली सलाईनची बाटली. ते पाणी एकदा उघडलं की एकदाच वापरायचं असतं, त्यात जंतू रोखणारं काही नसतं. रोज त्याच बाटलीत सुई खुपसली तर पंधरवड्यात आत काय वाढत असेल? मागं एक पोरगा पोटावर लिंबाएवढी गाठ घेऊन माझ्याकडं आला होता, पू झालेली. त्याला तडक सर्जनकडं पाठवला. आणि एक बाटली, एक सिरिंज, खोलीतले चौघे, हेही होतं. कावीळ आणि एचआयव्ही कसे पसरतात यावर मी इथं व्याख्यान देत नाही.

हे सगळं ऐकून पोरगा म्हणाला, “काका, बाटली ठिवा तुमच्याकडं. पण वस्तादांना सांगू नका. खोली जाईल.”

वस्ताद, या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहिलं. वरचं सगळं आठ दिवसांत कुणीही वाचून सांगेल.

पोरगा भुदरगड तालुक्यातला. बाप दुसऱ्याच्या उसात राबतो आणि खुराकाचे पैसे पाठवतो. तालमीतली खोली, ताटातली जागा, हौदातला जोडीदार, सगळं तो मातीत उतरतो तोवर. गुडघा दुखतोय म्हणून बसला तर जागा दुसऱ्याला. गावाकडं परत गेला तर बाप विचारणार, एवढं दूध गेलं कुठं? दिवाळी झाली की मैदानं सुरू, आणि हातात तीन महिने. अशा पोराला कुणी म्हणालं, महिन्यात भरून येतं, तर तो साडेचार हजार कुठनंही आणील. तो बाटली विकत घेत नव्हता वस्ताद, तो महिने विकत घेत होता.

आणि महिनेच लागतात, हे संशोधन मात्र पक्कं सांगतं. गुडघ्याच्या एसीएल लिगामेंटची शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूंवर नॉर्वेत एक अभ्यास झाला, २०१६ मध्ये छापून आला. नऊ महिने पुरे होईतोवर, खेळात परतणं जितके महिने लांबवलं, त्या प्रत्येक महिन्याला गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण सुमारे निम्म्यानं घटत गेलं. घाई करणारे परत टेबलावर आले.

पण ‘पडून राहा’ हेही बरोबर नाही, आणि इथं तालमीला मोठी गोष्ट मिळते. वाटीखालची दोरी दुखते, ज्याला आपली पोरं ‘गुडघ्यात कळ’ म्हणतात, त्यावर डेन्मार्कच्या संशोधकांनी २००९ मध्ये तीन गट केले. एकाला स्टेरॉइडचं इंजेक्शन, एकाला उतरत्या फळीवर सावकाश खाली जायच्या बैठका, एकाला जड वजनाच्या संथ बैठका. बारा आठवड्यांनी तिघांनाही बरं वाटलं. सहा महिन्यांनी इंजेक्शनवाले पुन्हा घसरले, बैठकावाले टिकले. टाचेच्या दुखण्यावर असाच व्यायाम स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन नावाच्या हाडांच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये मांडला. त्यांची गंमत अशी सांगतात, की स्वतःची टाच दुखायची, वरिष्ठ शस्त्रक्रिया करीनात, म्हणून दोरी एकदाची तुटू दे या हट्टानं ते तिच्यावर जड ओझं टाकत राहिले. ती तुटायच्या ऐवजी बरी झाली. सगळ्यांनाच याचा गुण येतो असं नाही, पुढच्या अभ्यासांत तेही दिसलं. पण जे आहे ते माणसांवर बघितलेलं आहे, आणि फुकट आहे.

बैठक आपल्याला कुणी शिकवायला नको. फक्त ही वेगळी बैठक. वेग नाही, आकडा नाही. खाली जायला तीन-चार मोजायचे, वर यायला तेवढेच, अधनंमधनं एक दिवस सोडून, वजन आठवड्यागणिक थोडं वाढवत. थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी जास्त दुखायला नको. कुणाला किती, हे फिजिओथेरपिस्टनं ठरवायचं. सरकारी दवाखान्यात हा विभाग असतो, तिथं फार पैसे लागत नाहीत. सांधा निखळला, गुडघा अडकायला लागला, सूज उतरेना, तर आधी तिथं. मालिशवाल्याकडं नंतर.

तुमच्याकडं मागणं आहे ते असं. दुखापत झालेल्या पोराची खोली आणि ताट निदान सहा महिने हलवू नका, आणि हे तालमीत सगळ्यांसमोर एकदा बोलून टाका. त्याला काम द्या. माती ओढायला, लहान पोरांचे डाव बघायला, मोजणी करायला माणूस लागतोच. मंडळाच्या वर्गणीत दुखापतीसाठी वेगळा गल्ला ठेवा. मैदानाच्या मांडवावर आणि हलगीवर जो खर्च होतो त्याचा एक तुकडा पुरेल. आणि फ्रीज उघडून बघा. ओरडायला नको, नुसतं बघा. काही सापडलं तर पोराला हाकलू नका, नाहीतर पुढचा पोरगा ती बाटली फ्रीजऐवजी गादीखाली ठेवील.

तो पोरगा शेवटी आपण होऊन वस्तादांशी बोलला. मी काही सांगितलं नव्हतं. खोली गेली नाही. वस्तादांनी शिव्या दिल्या, मग दुसऱ्या दिवशी सुताराकडनं उतरती फळी करून आणली. दिवाळीनंतरची मैदानं त्याची चुकली. गुडघा पूर्ण बरा झाला असं मी म्हणणार नाही. परवा दुकानात आला तेव्हा पायऱ्या चढताना उजवा पाय आधी टाकला, एवढं मी बघितलं.

दुकान सोमवारी बंद असतं. बोलवाल त्या तालमीत पहाटे सहाला येईन, जोर-बैठका सुरू व्हायच्या आधी. त्या पोराची न उघडलेली बाटली माझ्या खणात आहे, ती आणतो, आणि दोन सिरिंजा, एक लाल टोपीची, एक केशरी. पोरांना दाखवायला दहा मिनिटं पुरतात. चहा नको, दूध असलं तर घेईन.

आपला,
पेठेतला एक औषधविक्रेता
कोल्हापूर